भिंत चढणारं पाणी

छपराला भोक एकीकडे आणि थेंब पडतो भलतीकडेच. असं का होतं, हा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

समजा, ऑगस्टमधला शनिवार आहे. मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या बाजूला एका मित्राचं जुनं कौलारू घर आहे आणि तुम्ही चौघे सकाळच्या एसटीने तिथे निघाला आहात. बेत साधाच. जव्हारकडे जाऊन दाभोशाचा धबधबा बघायचा, दुपारी नागलीची भाकर आणि पावसाळी रानभाजी, रात्री पत्ते. कुलूप उघडता आणि समोर माजघरात तळं! गादी भिजून जड झालेली. एका भिंतीला मांडीएवढ्या उंचीपर्यंत ओलीची रेघ. तिच्यावर पोपडे. कोपऱ्यात काळे ठिपके, आणि कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरट लव.

शनिवार-रविवार गेला म्हणायचा. पण मेन स्विच बंद करून, पहिली बादली गळतीखाली सरकवून झाली की जरा थांबा. जे बघायला तुम्ही दाभोशाला निघाला होता, ते पाणी इथे चार भिंतींच्या आत त्याहून अचाट गोष्टी करतंय.

आधी तो थेंबच बघा. वाशाच्या खालच्या अंगाला पाणी जमतं, फुगतं, लोंबतं, तरी पडत नाही. कशाला धरून बसलंय ते? पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं कुणी नसतं, त्यामुळे ते आतल्या बाजूला आणि शेजाऱ्यांकडे खेचले जातात, आणि पृष्ठभाग ताणलेला राहतो. हाच शाळेत शिकलेला पृष्ठताण. थेंबाचं वजन या ताणाला भारी पडलं की तो सुटतो. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो. सेकंदाला 1 थेंब, एवढीच गळती असेल तर दिवसभरात सव्वाचार लिटर पाणी घरात येतं! ‘थोडंसंच गळतंय’ म्हणून सोडून दिलेल्या गळतीचा हा हिशोब.

आता भोक शोधायचं. एक मित्र शिडी लावून थेंबाच्या बरोबर वरचं कौल चाचपतो. ते ठणठणीत. शेजारची आजी ओट्यावरूनच सांगते, “अरे, तिथं नको. आढ्याकडे बघ.” आजीचं बरोबर आहे. पाणी स्वतःला धरतं तसंच लाकडाला, मातीला, काचेलाही धरतं. फुटक्या कौलातून आत आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही, ते वाशाच्या पोटाला चिकटून उताराने चालू लागतं. गाठ आली, खिळा आला, रीप आडवी आली की तिथे अडतं, साठतं आणि मग टपकतं. म्हणजे डाग दिसतो तो पाण्याच्या प्रवासाचा शेवट. सुरुवात चढाच्या दिशेला, कधी दोन-चार हात वर. स्लॅबच्या घरातही हेच. तिथे पाणी वायरिंगच्या पाइपातून वाट काढतं आणि पंख्याच्या हुकाशी प्रकट होतं, गच्चीवरची भेग मात्र दुसऱ्याच खोलीच्या डोक्यावर असते. शोधायला सुरुवात केली त्याच जागी गळती सापडली, असं फार क्वचित होतं.

कपातून बशीत सावकाश चहा ओतताना तो कपाच्या बाहेरून ओघळतो ना? तीच ही गोष्ट. आणि तिच्यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं. कुठल्याही नीट बांधलेल्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, बोटभर रुंदीची एक लांब खाच असते. बाहेर जाऊन बघा. छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकणारं पाणी त्या खाचेशी येतं आणि पुढे जाऊच शकत नाही. खाच ओलांडायची तर त्याला चढावं लागेल. तिथेच त्याचा थेंब होतो आणि तो खाली पडतो. ज्या पाण्याने डोंगर कोरले त्याला एक रिकामी जागा अडवते!

मंगलोरी कौलातही हीच अक्कल भरलेली आहे. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ही लाल कौलं कोकणापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत घराघरावर चढली. कौल हातात घेऊन उलटंसुलटं करा. कडेला पन्हळी आहेत, उंचवटे आहेत. दोन सपाट कौलं एकमेकांवर ठेवली तर मधल्या चिंचोळ्या फटीत पाणी आपोआप वर, उताराच्या उलट दिशेला खेचलं जातं. पन्हळीपाशी फट एकदम रुंदावते आणि हे खेचणं तुटतं. म्हणूनच आगोटीला कौलं चाळायची आणि मधला पालापाचोळा, शेवाळ, माती काढायची, ही जुनी रीत सोन्याची आहे. कौल फुटलेलं नसतानाही घर गळतं ते या कचऱ्यामुळे. त्याने पन्हळ बुजते आणि रुंद जागा पुन्हा चिंचोळी होते.

वर चढणाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आता भिंतीकडे वळू.

मांडीएवढ्या उंचीपर्यंत ओल आलीय, पण छप्पर या बाजूला गळत नाही. हे पाणी जमिनीतून वर आलंय. पंप नाही, जोर नाही, कुणी ढकलत नाही, तरी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता पाणी भिंत चढलं! समईची वात तेल वर ओढते, तसंच हे. याला केशाकर्षण म्हणतात. वीट, माती, चुना यांच्या आत केसाहून बारीक लाखो वाटा असतात. पाणी वाटेच्या भिंतीला चिकटतं, एक पाऊल वर सरकतं आणि मागच्या पाण्याला हात धरून वर ओढतं. वाट जितकी अरुंद, तितकी चढाई उंच. जेम्स जुरिन यांनी 1718 च्या सुमारास हा नियम मांडला. नळीची त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. ती दहावा हिस्सा केली तर 15 सेंटिमीटर. आणि शंभरावा हिस्सा केली तर चक्क दीड मीटर!

मग भिंत आढ्यापर्यंत का भिजत नाही? कारण पाणी चढतं तसं वाटेत बाहेरही उडून जातं. खालून जेवढं येतं तेवढंच पृष्ठभागावरून वाफ होऊन जायला लागलं की चढाई थांबते. ती ओलीची रेघ म्हणजे वर येणारं पाणी आणि उडून जाणारं पाणी यांच्यात झालेली तडजोड. तिचा एक परिणाम भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ओल झाकायची म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट मारला, तर पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. खालून येणं चालूच. मग पाणी आणखी वर चढतं, आणि पुढच्या वर्षी रेघ खांद्याशी दिसते. आपण हजारो रुपये खर्च करून ओल वाढवतो.

या रेघेने केवढी माणसं वेडी केली, बघा. आल्बर्ट आइनस्टाईनचा छापून आलेला पहिलावहिला शोधनिबंध 1901 सालचा. सापेक्षता नाही, प्रकाश नाही, विषय होता केशाकर्षण! आणि त्याच्याही आधी, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पोकेल्स नावाची एक मुलगी घरातली कामं सांभाळत होती. विद्यापीठाचं दार तिला बंद होतं. भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग कसा पसरतो, साबणाने पाण्याचा ताण कसा कमी होतो, हे तिने नुसतं पाहिलं नाही, मोजलं. मोजायचं उपकरणही स्वतःच बनवलं. जानेवारी 1891 मध्ये तिने आपली निरीक्षणं इंग्लंडला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवली. त्यांनी ते पत्र त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणलं. पृष्ठभागाच्या विज्ञानाचा पाया ज्या मोजमापांवर आहे, त्यातली काही एका स्वयंपाकघरात झालेली आहेत. 1932 साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तरीत होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

परत भिंतीकडे. रेघेच्या आसपास पांढरी भुकटी दिसते का? बोट लावून बघा, मिठासारखी आहे. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. मातीतले क्षार पाण्यात विरघळून वर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. आता त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढायला जागा मागतो, आणि विटेच्या आतल्या बारीक पोकळीत जागा कुठली? मग तो पोकळीच्या भिंती रेटतो, आणि तो रेटा एवढा असतो की भाजलेली वीटही भुसभुशीत होऊन झडते. पोपडे सुटतात ते पाण्याच्या माराने नव्हे, मिठाच्या या रेट्याने. मोहेंजोदडोच्या विटा साडेचार हजार वर्षं जमिनीखाली टिकल्या. 1922 पासून उत्खननाने त्या उघड्या पडल्या आणि हाच लोणा त्यांना खाऊ लागला. तुमच्या मित्राच्या माजघरातला रोग जगातल्या एका थोर वारशाला जडलाय.

आणि ते काळे ठिपके? ती बुरशी. ती बाहेरून ‘येत’ नाही, तिचे बीजाणू हवेत कायम तरंगतच असतात, याही क्षणी तुमच्याभोवती. वाट बघतात फक्त ओलाव्याची. हवेतली आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की लाकूड, कागद, चामडं, खळ, सगळ्यांवर त्यांचं राज्य सुरू होतं. तिचं जेवण तर विलक्षण! आपण आधी खातो, मग पचवतो. बुरशी आधी पचवते, मग खाते. बारीक तंतू पसरून ती अन्नावर पाचक रस सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि तयार सार शोषून घेते. चपलेवरची ती मऊ लव म्हणजे भरात आलेली पंगतच. पुसताना नाकाला फडकं बांधा आणि कोरडं झटकू नका, ओल्या फडक्याने टिपा. झटकलं तर बीजाणूंची पेरणी होते.

शनिवारची रात्र झाली. पाणी काढलं, कौल बदललं, गादी टांगली. बाहेर धो-धो चालूच आहे. गादी सकाळपर्यंत वाळेल?

नाही वाळणार, आणि का नाही हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. 3 मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली घ्या. 27 अंशांना या खोलीतली हवा जास्तीत जास्त 700 ग्रॅम वाफ धरू शकते. पावसाळ्यात आर्द्रता 90 टक्के म्हटली तर त्यातले 630 ग्रॅम आधीच भरलेले. उरली जागा 70 ग्रॅमची, म्हणजे अर्धी वाटी पाण्याची! भिजलेल्या गादीत कित्येक लिटर पाणी आहे. दारं-खिडक्या लावून पंखा फिरवत बसलात तर हवा त्याच त्या ओल्या अंगाने फिरत राहते.

आता आजी चुलीत लाकूड सरकवते. खोली 10 अंशांनी तापली असं धरा. हवेतलं पाणी तेवढंच, एक थेंब कमी झालेला नाही. पण 37 अंशांची हवा जवळजवळ 1200 ग्रॅम वाफ धरू शकते. 70 ग्रॅमची जागा एकदम साडेपाचशे ग्रॅमची झाली. तीच हवा अचानक तहानलेली झाली! वर कौलांच्या फटींतून ही गरम, ओली हवा धुराबरोबर निघून जाते आणि खालून नवी येते. चुलीच्या बरोबर वर माळा का असतो, त्यावर बियाणं, टोपल्या, सुकी लाकडं का ठेवतात, हे आता सांगायला नको. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. हा धूर आजीच्या फुप्फुसांना मात्र अतिशय वाईट, तेव्हा चुलीचं कौतुक करताना धुराड्याचा आग्रह सोडू नका.

वाफ करायला उष्णता लागते तीही थोडीथोडकी नाही. साध्या पाण्याला उकळी फुटेपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणून ओली भिंत हाताला गार लागते. ती उडून जाणाऱ्या पाण्याचा खर्च आपल्या अंगातून भागवत असते.

इथे एक प्रयोग सांगतो, रविवारी सकाळी चहा होईपर्यंत मांडता येईल असा. सगळीच ओल गळतीची नसते. गार फरशीला, गार भिंतीला दमट हवा लागली की हवेतलंच पाणी तिच्यावर जमतं, भिंतीला घाम फुटतो. मग गळती कुठली आणि घाम कुठला, कसं ओळखायचं? भिंतीचा हातभर तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी बघा. कागदाच्या बाहेरच्या अंगाला दव असेल तर पाणी खोलीतल्या हवेचं. आतल्या अंगाला असेल तर पाणी भिंतीतून येतंय. एवढ्या एका कागदाने पुढचा चुकीचा खर्च वाचतो.

रविवारी पाऊस उघडला तर पाड्यावर एक फेरी मारा आणि कुडाची भिंत जवळून बघा. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर माती आणि शेणाचा लेप. कारवी म्हणजे सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा जांभळी फुलणारी तीच. ही भिंत कच्ची म्हणायची? ती पाणी पिते आणि सोडूनही देते, काहीही कोंडून ठेवत नाही. शेणातले तंतू मातीला तडकू देत नाहीत. पुढे आलेली वळचण पागोळ्या भिंतीपासून दूर टाकते. सरींच्या माराने खालचा लेप झिजतो, तो दरवर्षी पुन्हा चढतो. वारल्यांची तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं याच लेपावर उमटली. पक्कं घर प्रत्येकाला मिळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते बांधताना या भिंतीची दोन तत्त्वं, लांब वळचण आणि श्वास घेणारा लेप, बरोबर घेतली तर काय बिघडेल?

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारं आश्चर्य.

चांगल्या विटेनेही दिवसभर बुडवून ठेवल्यावर आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यावं, एवढी सूट आपल्या मानकांत आहे. म्हणजे 3 किलोची वीट अर्ध्या लिटरहूनही जास्त पाणी पोटात ठेवू शकते. आणि या घराखाली काय आहे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. घट्ट, जवळजवळ बिनछिद्रांचा. भेगांत मुरेल तेवढंच पाणी त्याचं. जव्हार-मोखाड्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातलं बहुतेक उतारावरून ओढ्यांत, ओढ्यांतून नद्यांत निघून जातं. वैतरणेवर 1957 सालचा मोडकसागर आहे, आणि मोखाड्यातच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण. ते पाणी मुंबईच्या नळाला येतं. एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात, बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. ऑगस्टमध्ये ज्या घरातून बादल्यांनी पाणी बाहेर फेकावं लागतं, त्याच घरात मे महिन्यात हंडा कोरडा असतो.

मग हिशोब करा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर. 50 चौरस मीटरचं साधं छप्पर, अडीच हजार मिलिमीटर पाऊस: 1,25,000 लिटर! सव्वाशे टन पाणी एका घराच्या डोक्यावरून दरवर्षी वाहून जातं. त्याचा दहावा हिस्सा धरला तरी 12,500 लिटर. पिण्या-स्वयंपाकाला माणशी 5 लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला ते 500 दिवस पुरेल.

टाकी एवढी मोठी परवडली नाही तरी चालेल, लहान बांधा. पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग पाणी धरा. टाकी झाकलेली ठेवा, प्यायचं पाणी गाळून, उकळून घ्या. तुमचं, तुमच्या मित्राचं किंवा मामाचं गावी असं घर असेल, तर पुढच्या आगोटीला कौलं चाळायला वर चढाल तेव्हा एक काम त्याच दिवशी उरका: वळचणीला पन्हळ लावा.